गाण्याचा तास कुणी आणला?



आजच्या बोलण्याची सुरुवात आम्ही आमच्या एका चुकीपासून करतो. गेल्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक कागद पुढं आला. शनिवारचा गाण्याचा तास बंद करायचा आणि त्या वेळात शिष्यवृत्तीचा सराव घ्यायचा, असं त्यात लिहिलेलं. समितीत आम्ही बाया निम्म्या, पण कुणी काही विचारलं नाही. पोरांचं भलं होतंय, आपलं काय जातंय, असं म्हणून आम्ही सह्या करून मोकळ्या झालो. दुसऱ्या दिवशी बाजाची पेटी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं.

पुढं दिवाळीनंतर गटातल्या एकीला उपचारासाठी मिरजेला न्यावं लागलं. आमचं गाव सातारा-सांगलीच्या शिवेवर, त्यामुळं मोठं दुखणं आलं की मिरज गाठायची ही जुनीच रीत. डॉक्टरांनी दुपारी चारला बोलावलं होतं. मधल्या वेळात आम्ही दोघी-तिघी चालत चालत तंतुवाद्यांच्या दुकानांपर्यंत गेलो. एका दुकानाच्या पायरीवर एक कारागीर तंबोऱ्याचा भोपळा घासत बसला होता. भोपळा केवढा, तर आपल्या घागरीपेक्षा मोठा! आम्ही विचारलं, "दादा, हे कुठं कुठं जातात?" तो म्हणाला, "पुणं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, परदेशात बी." आमच्यातली एक म्हणाली, "आणि आपल्या इकडच्या शाळांत?" तो हसला. म्हणाला, "ताई, शाळेत गाणं असतं व्हय?"

त्या हसण्यानं आम्हाला आमची सही आठवली. घरी आल्यावर आम्ही गावातल्या निवृत्त गुरुजींना गाठलं, वाचनालयातून चार पुस्तकं आणली आणि जे कळलं ते एकमेकींना वाचून दाखवलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण देशात गाणं वर्गात आणलं, त्याला वेळापत्रक दिलं, पुस्तक दिलं, परीक्षा दिली, ते काम करणारी मोठी माणसं आपल्या कृष्णाकाठची होती, आणि हे आम्हाला सही करताना ठाऊकच नव्हतं.

आधी त्या तंबोऱ्याचंच ऐका. मिरजेत सतार-तंबोरे घडवायला सुरुवात झाली ती साधारण 1850 च्या सुमारास. हे काम उभं केलं शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी. शिकलगार म्हणजे तलवारींना, हत्यारांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम कमी झालं आणि त्याच हातांनी वाद्यं घडवायला घेतली. त्यात फरीदसाहेबांचं नाव आदरानं घेतलं जातं. भोपळे येतात ते सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. भोपळा वाळवायचा, कापायचा, त्यावर लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या, तारा ओढायच्या आणि शेवटी जवारी लावायची. जवारी म्हणजे घोडी अशी घासायची की तारेतून नुसता टणत्कार न येता गुंजन यावं. ते काम कानानंच करायचं असतं, माप लावून होत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे नाशिकची द्राक्षं किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते ना, तसा त्या मातीचा शिक्का.

वाद्यं होती, गवई होते, दरबार होते. मग शिकणं कसं होतं? दीडशे वर्षांपूर्वी गाणं शिकायचं म्हणजे घरदार सोडायचं. गुरू शोधत गावोगाव फिरायचं. सापडला की त्याच्या घरी पाणी भरायचं, कपडे धुवायचे, आणि त्याची मर्जी लागली तर शिकायचं. लिहून काही नसे. जे कानावर पडेल ते गळ्यात ठेवायचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849-1926) असेच पायपीट करत उत्तरेकडं गेले, वासुदेवबुवा जोशी यांच्याकडं शिकले आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी आपल्या भागात घेऊन आले. मिरज आणि इचलकरंजीत त्यांनी ती रुजवली. एका माणसाचं सारं तारुण्य त्यात गेलं. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही त्यानं, आणि ज्या घरात मुलगी जन्मली तिनं, या वाटेनं जायचं तरी कसं?

याच बाळकृष्णबुवांचा एक शिष्य होता, विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म 18 ऑगस्ट 1872, गाव कुरुंदवाड. नरसोबाच्या वाडीला आपण जातो ना, तिथून जवळच. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूनं डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचं पुस्तक दिसेनासं झालं. उपचारासाठी पोराला मिरजेला आणलं. डोळे पूर्ण बरे झाले नाहीत, पण गळा चांगला होता. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि पोरगा बाळकृष्णबुवांकडं शिकू लागला. मैत्रिणींनो, ज्याला डोळ्यांमुळं पुस्तक सोडावं लागलं, त्यानंच पुढं गाण्याची पुस्तकं छापली, हे ध्यानात ठेवा.

त्यांच्या चरित्रात एक हकीकत सांगितली जाते. मिरजेत कुठल्याशा समारंभाचं बोलावणं त्यांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. कारण विचारलं तेव्हा कळलं की बाळकृष्णबुवा कितीही मोठे असले तरी लोकांच्या लेखी शेवटी गवईच. ते त्यांना फार लागलं. गाणं ऐकायला लोक रात्र जागवतात, आणि गाणाऱ्याला मात्र पंगतीत मान नाही! 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, ग्वाल्हेर असं करत ते पार लाहोरला पोचले, आणि 5 मे 1901 रोजी तिथं त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

त्यात नवं काय होतं? ते कुण्या राजाच्या खजिन्यावर चालणारं नव्हतं. लोकांच्या वर्गण्या, विद्यार्थ्यांची फी आणि तिकीट लावून केलेल्या मैफली, यावर ते चाललं. तासाला घंटा होती. इयत्ता होत्या. सूर कागदावर कसा लिहायचा याच्या खुणा त्यांनी ठरवल्या, छापखाना काढला, पुस्तकं छापली. काही मुलांना जवळ ठेवून, खाऊपिऊ घालून वर्षानुवर्षं शिकवलं, ते अशासाठी की त्यांनी पुढं गावोगाव जाऊन शिकवावं. त्याला ते उपदेशक वर्ग म्हणत. बायकांसाठी 'महिला संगीत' नावाचं पुस्तक काढलं. बाईनं गाणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं मानणारा तो काळ होता. त्या काळात बायकांच्या हातात गाण्याचं छापील पुस्तक देणं ही साधी गोष्ट नव्हती.

हे काम त्यांनी एकट्यानं केलं असं नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात मौलाबक्ष यांनी 1886 मध्येच गायनशाळा सुरू केली होती. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि मराठीत जाडजूड ग्रंथ लिहिले. पण आपल्या दारातून जो प्रवाह निघाला तो पलुस्करांचा. त्यांचे शिष्य पाहा. विनायकराव पटवर्धन मिरजेचे, त्यांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. बा. र. देवधर मिरजेचेच, त्यांनी मुंबईत संगीतशाळा काढली आणि तिथं कुमार गंधर्वांसारखा गायक घडला. 21 ऑगस्ट 1931 रोजी विष्णु दिगंबर वारले, तेही मिरजेतच. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार, या ज्या परीक्षा शहरातल्या मुली देतात त्या या मंडळाच्या. त्याचं कार्यालय आपल्या मिरजेत आहे. आम्ही त्या कार्यालयाच्या गावाला इतक्या वेळा गेलो, पण दवाखान्याच्या पलीकडं कधी पाहिलंच नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. गाणं घरंदाज झालं, पण ज्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं होतं त्यांचं काय? कलावंत घराण्यातल्या बायका, तमाशातल्या बायका, यांचं गाणं लोकांनी ऐकलं आणि त्यांना मात्र दाराबाहेर ठेवलं. अशा काळात मिरजेत 1905 मध्ये हिराबाई बडोदेकर जन्मल्या. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई. अब्दुल करीम खाँ यांनीही बेळगाव आणि पुण्यात संगीत विद्यालय चालवलं होतं. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तिथं देशभरातले गवई येऊन सेवा म्हणून गातात. हिराबाईंनी गाणं निवडलं, तेव्हा गाणारी बाई म्हटल्यावर लोकांच्या नजरा कशा असतील ते आपल्याला सांगायला नको. त्या व्यासपीठावर नीट पदर घेऊन, शांतपणे बसून गायच्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही बायकांपैकी त्या एक. 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आज एखादी मुलगी स्नेहसंमेलनात माईकसमोर उभी राहते आणि आपण टाळ्या वाजवतो, त्यामागं अशा बायकांनी सोसलेलं आहे.

सातारच्या बाजूलाही पाहू. पहिल्या शिक्षिका सावित्रीबाई फुले नायगावच्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या. 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली आणि 1854 मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा कवितांचा संग्रह छापून आला. शिक्षण घ्या, हे त्यांनी कवितेतूनही सांगितलं. पुढं सत्यशोधक चळवळीचे जलसे गावोगाव फिरले. पोरांना शाळेत घाला, सावकाराचा कागद वाचून मग अंगठा द्या, हे लोकांना भाषणातून जेवढं पटलं नाही तेवढं ढोलकी-तुणतुण्यावर पटलं. 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती याच जागवलेल्या रानात. आणि वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे? शाळेत ते जेमतेम दीड-दोन दिवस गेले. शाळेनं त्यांना काही दिलं नाही, पण गावातल्या गाण्यानं, पोवाड्यानं, तमाशानं त्यांना शब्द दिले. शाळेनं तेच गाणं आत घेतलं असतं, तर अण्णाभाऊंसारखी किती पोरं टिकली असती, असं मनात येतं.

आता आपल्या आज्यांकडं येऊ. त्यांना कुठली इयत्ता नव्हती, पण पहाटे जात्यावर बसल्या की ओवी आपोआप यायची. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, दुष्काळ, सगळं त्यात यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी पुण्याहून काम करत गावोगावच्या बायकांच्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आणि आपल्या वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी तर आयुष्य यातच घातलं. त्या आमदार झाल्या, राज्यसभेत गेल्या, पण त्यांची खरी ओळख राहिली ती लोकसाहित्याची. राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी बायकांची गाणी, उखाणे, सणवार, खेळ, हे सगळं जमवून पुस्तकांत आणलं. शिकलेली मोठी माणसं ज्याला अडाण्यांचं म्हणत, त्याला त्यांनी धन म्हटलं.

म्हणजे आपल्या भागात गाण्याच्या दोन वाटा होत्या. एक मिरजेतून निघाली, ती पुस्तक, परीक्षा घेऊन शहरांत गेली. दुसरी जात्यावरची, शेतातली, हादग्याच्या फेराची. या दोन वाटा जिथं भेटायला हव्या होत्या ती जागा म्हणजे गावची प्राथमिक शाळा. तिथं त्या फारशा भेटल्या नाहीत. तिथं परिपाठाला एक प्रार्थना, सव्वीस जानेवारीला एक गीत आणि वेळापत्रकात असलेला पण हक्कानं कुणीही मागून न्यावा असा एक तास, एवढंच राहिलं.

आणि दरम्यान काय झालं? गिरणी आली, जातं गेलं. मोटर आली, मोट गेली आणि मोटेवरची गाणी गेली. यंत्रं आली, तशी सुगीतली भलरी गेली. आम्ही काही जातं परत मागत नाही. ज्या हातांना त्याचे घट्टे पडले त्या हातांना विचारा, गिरणीला त्यांनी दुवाच दिला. पण जात्याबरोबर गाणं जायला नको होतं. आधी गाणं शिकायला शाळा लागतच नव्हती, कारण काम तिथं गाणं होतं. आता कामातून गाणं गेलं. गावातली सगळी पोरं, सगळ्या जातीची, सगळ्या घरची, एकत्र बसतात अशी जागा उरली आहे ती एकच, शाळा. आम्ही सही करून तिथलंही गाणं काढलं, ही आमची चूक.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात काय होतं ते तुमच्याकडंही होत असेल. मोठा स्पीकर लागतो, मोबाईलवरचं गाणं लागतं आणि पोरं त्यावर नाचतात. नाचू देत, आनंद आहे. पण तीन तासांच्या कार्यक्रमात एका पोराच्या तोंडून एक ओळ निघत नाही, हे आमच्या ध्यानात यंदा आलं.

कुणी विचारेल, गाण्यानं मार्क वाढतात का? वाढतीलच असं छातीठोकपणे आम्ही सांगणार नाही. ठरवून दिलेल्या संस्थांच्या संगीत परीक्षा पास झाल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, ते खरं. पण गाण्याची किंमत तेवढीच लावू नका. आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या शाळेत बाहेरगावची पोरं येतात. त्यात एक मुलगी होती, वर्गात हूं का चूं करत नसे. प्रार्थनेला मात्र सगळ्यांबरोबर तिचा आवाज निघायचा. एकटीनं बोलायची भीती असते, सगळ्यांत मिसळून गाताना ती राहत नाही. पुढं ती बोलू लागली. एका सुरात गायचं तर शेजारणीचा आवाज ऐकावा लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, श्वास सांभाळावा लागतो, शब्द स्पष्ट काढावा लागतो. जुन्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी चालीवर म्हणून घेत, ती आजही आमच्या सासऱ्यांना पाठ आहे. चालीवर पाठ केलेलं म्हातारपणापर्यंत टिकतं, एवढं तर घरोघरी दिसतं.

आता करायचं काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका ठेवल्या आहेत. ही निम्मी जागा नुसत्या सहीसाठी नाही. त्याच कायद्यात असंही आहे की सहावी ते आठवीची पटसंख्या 100 च्या वर असेल तिथं कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा. आपल्या शाळेत पट किती आणि निदेशक आहे का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. जूनच्या बैठकीत शनिवारचा तास परत मागायचा, आणि आपली आधीची सही चुकली हे लेखी द्यायचं. शिष्यवृत्तीचा सराव हवाच, त्याला दुसरी वेळ शोधू. दुसरं, पेटीचा भाता फाटला आहे, तो गटाच्या पैशातून मिरजेला नेऊन दुरुस्त करायचा. तिसरं, महिन्यातून एकदा गावातल्या एका आजीनं शाळेत जायचं आणि तिला येतं ते गाणं पोरांना शिकवायचं. आमच्या गुरुजींनी अडचण सांगितली, "मला स्वतःला गाता येत नाही." आम्ही म्हटलं, गुरुजी, तुम्ही फक्त तास सोडा. पेटीवर सा धरायला गावात भजनी मंडळ आहे, आणि बाकी पोरं पाहून घेतील.

पहिल्या महिन्यासाठी आम्ही आमच्यातल्याच एका आजीला विचारलं. वय ऐंशीच्या पुढं. शाळेची पायरी ती जन्मात चढलेली नाही. आधी म्हणाली, "मी काय शिकवणार गं, मला वाचता येत नाही." मग थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, "पोरं किती असतील?" आम्ही सांगितलं, साठ. ती म्हणाली, "मग घसा शेकून यायला पाहिजे."

मैत्रिणींनो, तुमच्या शाळेच्या कपाटात पेटी आहे का, ते एकदा उघडून पाहा. पुढच्या वेळी भेटू, तेव्हा आमच्या बैठकीत काय झालं ते सांगू. नमस्कार.